‘नको’ म्हणणाऱ्यांची शाळा

मेडनहेड
१९ जानेवारी २०२५

तीर्थरूप अलकाकाकू,

नमस्कार. पेनने लिहायची सवय सुटली आहे, तेव्हा अक्षराला हसू नका. परीक्षित म्हणाला, ‘काकूला व्हॉट्सअ‍ॅप करू नकोस, ती नुसता अंगठा पाठवते आणि विषय संपतो. कागदावर लिही, सहा पानं येतील.’ मला सहा पानंच हवी आहेत.

तुमच्या चुलतपुतण्याची बायको एवढी ओळख पुरत नसेल, तर गंधारच्या वास्तुशांतीला जिने तुमच्याकडून आमटीची कृती लिहून घेतली आणि कागद ओट्यावरच विसरली, ती मी. आमची उर्वी इयर फाइव्हमध्ये आहे आणि शाळा तुमच्या गंधारचीच, हॉलीबुश लेन प्रायमरी. सप्टेंबरपासून मी तिथल्या कारभारी मंडळात पालकांच्या वतीने गव्हर्नर आहे. तुम्हीही होतात हे मला परवा हॉलमधला जुना फोटो बघून कळलं. सगळे सुटाबुटात आणि मधोमध तुम्ही, नारायणपेठ साडीवर रेनकोट घालून.

तुम्ही लेस्टरला गेलात तेव्हा होती तशीच शाळा अजून वर्षभर चालते. आठ आठवडे शाळा, दोन आठवडे सुटी, पुन्हा आठ आठवडे शाळा. इतर सरकारी शाळा उन्हाळ्यात सहा आठवडे कुलूप लावून बसतात, आपली चारच. त्या बदल्यात ऑक्टोबरच्या शेवटी दोन आठवडे मिळतात, आणि माझं सगळं वर्ष त्या दोन आठवड्यांवर उभं आहे. आई गेल्यापासून बाबा नागपूरला एकटे असतात. दर ऑक्टोबरला उर्वीला घेऊन मी तिकडे जाते. दिवाळी त्यात बसली तर बसली, नाहीतर बाबा म्हणतात, ‘तुम्ही याल ती दिवाळी.’ बाकीच्या शाळांसारखी एका आठवड्याची सुटी झाली तर नागपूर होणार नाही. शाळा बुडवली तर कौन्सिल दंड करते, आणि ऑगस्टच्या तिकिटांकडे बघवत नाही.

आता शाळा चालवणाऱ्या ट्रस्टला हे वेळापत्रक मोडायचं आहे. मे महिन्यातल्या सभेत मतं घेणार. त्याआधी मंडळाचा नवा चेअर निवडायचा होता. जुने चेअर माझ्याकडे बघून म्हणाले, ‘स्वाती, वुड यू कन्सिडर इट?’ मी आपलं रीतीप्रमाणे म्हटलं, ‘ओह नो, आय कुडन्ट पॉसिब्ली.’ ते म्हणाले, ‘फेअर इनफ.’ आणि पुढच्या मिनिटाला लिंडा हॉब्ज चेअर झाली! ही बाई वेळापत्रक मोडायच्या बाजूची. समसमान मतं पडली तर निर्णय तिच्या हातात. पुन्हा विचारतील, असं मला खरंच वाटलं होतं हो.

माझ्या पदरात काय पडलं, तर शाळेचा इतिहास. वर्षभराच्या शाळेला यंदा तीस वर्षं होतात म्हणून एक पान लिहून द्यायचं, सभेआधी सगळे वाचतील. वेबसाइटवर लिहिलंय की तेव्हाचे हेड मिस्टर प्रिचर्ड यांनी ‘सखोल अभ्यासदौऱ्यानंतर’ ही पद्धत आणली. कुठला दौरा, कसला अभ्यास, कुणाला पत्ता नाही. तुम्ही होतात. सगळं लिहा. पद्माकरकाकांना नमस्कार.

तुमची,
स्वाती


लेस्टर
२८ जानेवारी

चि. सौ. स्वाती,

अनेक आशीर्वाद. ‘अभ्यासदौरा’ वाचून तुझ्या काकांना इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. दौरा झाला, नाही असं नाही. मिस्टर प्रिचर्डच्या घरापासून आमच्या सोफ्यापर्यंत.

पण आधी तुझ्या ‘फेअर इनफ’बद्दल. अगं, मी इथे आले त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाईने घरी बोलावलं. ‘टी?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘नो, नो.’ ती म्हणाली, ‘राइट-ओ,’ आणि स्वतःपुरता कप भरून समोर बसली. बिस्किटांचंही तेच. तासभर मी तिच्या कपातून निघणारी वाफ बघत बसले आणि घरी येऊन रडले. तुझे काका म्हणाले, ‘इथे एकदाच विचारतात, पहिल्या हाकेला हो म्हणायचं.’ मी शिकले. प्रिचर्डने ‘गव्हर्नर होणार का?’ विचारलं तेव्हा त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं होतं. गव्हर्नर म्हणजे काय ते नंतर काकांना विचारलं.

आता इतिहास. तेव्हा शाळा मरणपंथाला लागली होती. आजूबाजूची घरं एकदम बांधलेली, त्यातली मुलं एकदम मोठी झाली, आणि वर्गात खुर्च्या जास्त, पोरं कमी. कौन्सिल म्हणत होतं बंद करा, जागा विका. प्रिचर्ड बिचारा सज्जन, उंच आणि काटकुळा माणूस. एका सभेनंतर त्याचा चेहरा बघून मला राहवलं नाही. म्हटलं, रविवारी जेवायला या. तो म्हणाला, ‘आय वुडन्ट वॉन्ट टू इम्पोज.’ मी पुन्हा म्हटलं. तो पुन्हा तेच म्हणाला. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा बाराच्या ठोक्याला दारात हजर.

मी सांज्याच्या पोळ्या केल्या होत्या. दोन खाऊन त्याने ‘लव्हली, बट नो मोअर’ म्हटलं. मी तूप सोडून तिसरी वाढली. त्याने पुन्हा ‘नो मोअर’ म्हटलं, मी चौथी वाढली. त्यानंतर त्याला खुर्चीतून उठवेना. काकांनी हाताला धरून सोफ्यावर नेलं. तो तिथे आडवा झाला आणि दिवे लागेपर्यंत हलला नाही.

रविवारी आमच्याकडे पत्ते असायचे. काकांच्या हॉस्पिटलमधले अतुल आणि श्रीनिवास आले, आणि पत्ते राहिले बाजूला, ऑगस्टच्या रजेवरून जुंपली. सगळ्यांना ऑगस्टच हवा, कारण शाळा तेव्हाच बंद. सगळेच गेले तर वॉर्ड कोण सांभाळणार? श्रीनिवास म्हणत होता, ‘तू मागच्या वर्षी गेलास!’ अतुल म्हणत होता, ‘माझी आई आजारी होती!’ प्रिचर्डला मराठी कळत नव्हतं, पण ‘ऑगस्ट’ कळत होतं. सोफ्यावरूनच म्हणाला, ‘अलका, व्हाय इज एव्हरीवन शाउटिंग ऑगस्ट?’ मी सांगितलं. तो छताकडे बघत म्हणाला, ‘अँड इफ द हॉलिडेज वेअर शेअर्ड आउट थ्रू द इयर?’

बस्स. ही तुमची शाळा. पुढे तो घरोघर हिंडला. नर्सेस, हीथ्रोवर पाळीने काम करणारी माणसं, बेकरीवाला, ज्यांना ऑगस्टमध्ये रजा मिळतच नाही अशी सगळी मंडळी मुलं घेऊन आली. वर्ग भरले, कौन्सिलने तोंड मिटलं.

तू हे असंच्या असं लिही. लिंडाचं काय करायचं ते मी बघते. बाई मतलबी दिसते.

तुझी,
अलकाकाकू

ता. क. काका म्हणतात लिही की शाळेला पाच सत्रं आहेत कारण प्रिचर्डने पाच पोळ्या खाल्ल्या. खोटं आहे. त्याने चारच खाल्ल्या, पाचवी मी जाताना फॉइलमध्ये बांधून दिली.


मेडनहेड
१६ फेब्रुवारी

तीर्थरूप काकू,

नमस्कार. तुमचं पत्र मी ट्रेनमध्ये वाचलं आणि समोरच्या माणसाने ‘आर यू ऑल राइट?’ असं विचारलं. मी तुमच्या पत्राचं इंग्रजी करून शाळेत दिलं. हेडनी फार कौतुक केलं आणि मग त्यातला सोफा काढला. त्यानंतर पोळ्या काढल्या. त्यानंतर पत्ते काढले. आता छापलेल्या पानावर एवढंच आहे की ‘स्थानिक आरोग्यसेवकांशी झालेल्या सल्लामसलतीतून’ नवं वेळापत्रक जन्माला आलं. म्हणजे अतुल आणि श्रीनिवास यांचं भांडण.

पण खरी वाईट बातमी वेगळी आहे. ट्रस्टने पालकांना प्रश्न पाठवला होता, वर्षभराची शाळा चालू ठेवावी का? उत्तरं आली. बहुतेकांनी ‘नो’वर खूण केली आहे. लिंडाने सभेत ते वाचून दाखवलं आणि चष्मा काढून म्हणाली, ‘वेल, दे हॅव टोल्ड अस.’ मला वादच करता येईना. लोकांना नको आहे तर नको आहे. इथे अकरा-बारा वर्षं राहून मी एवढं तरी शिकले आहे की कुणी नाही म्हणालं की तो विषय तिथे सोडायचा.

बाबांना मी अजून काही बोलले नाही. काल फोनवर ते म्हणत होते की आकाशकंदिलाचा सांगाडा आत्तापासूनच दुरुस्त करून ठेवलाय, उर्वी आली की कागद चिकटवू. मी ‘हो, हो’ म्हटलं आणि फोन ठेवून भांडी आपटली. मला फार वाईट वाटतंय, काकू. तुमच्या शाळेसाठी नाही, स्वतःसाठी. तुम्हाला खोटं कशाला सांगू?

आणि लिंडाला जेवायला बोलवा असं सुचवणार असाल तर आधीच सांगते, तिला गहू चालत नाही.

तुमची,
स्वाती


लेस्टर
२२ फेब्रुवारी

चि. सौ. स्वाती,

अनेक आशीर्वाद. गहू चालत नसेल तर तांदळाचं घावन कर, पण आत्ता तो मुद्दा नाही.

तू मला एक सांग. ज्यांनी नाही म्हटलं त्यांना दुसऱ्यांदा कुणी विचारलं? कागद आला, खूण केली, झालं. आपल्याकडे पानावर बसलेला माणूस ‘नको’ म्हणाला की वाढणारा पुढे जातो का? तो वाकून विचारतो, का हो, तिखट लागलं का, पोट बरं नाही का, की नुसते लाजताय? तेव्हा कळतं. एखाद्याला खरंच नको असतं, मग आपण हात आवरतो. पण दहातल्या सहांना तसं नसतं. कुणाला ते काय आहे हेच कळलेलं नसतं, कुणाला दुसरंच काहीतरी हवं असतं. आग्रह म्हणजे घशात कोंबणं असं तुम्हा नव्या लोकांना वाटतं. अगं, ‘नको’ का म्हणालास एवढं विचारून उत्तराला थांबायचं, याला आग्रह म्हणतात.

प्रिचर्डनेही तेच केलं होतं. पहिल्यांदा त्याने चिठ्ठ्या पाठवल्या तेव्हा त्यालाही सगळे नाहीच म्हणाले होते. मग मी त्याच्याबरोबर गेले, दारोदार. तो गेटपाशी लाजून उभा राहायचा आणि मी बेल वाजवायची.

तेव्हा ऊठ. उर्वीला बरोबर ने, पोर बरोबर असलं की दार लावून घ्यायला लोक कचरतात. आणि शेवटी लिंडाकडे जा. ती मतलबी आहे असं मी मागे लिहिलं. असू दे. तिला काय हवंय ते तरी बघ.

तुझी,
अलकाकाकू

ता. क. ‘विषय तिथे सोडायचा’ हे कुठे शिकलीस तू? चांगली नागपूरची मुलगी.


मेडनहेड
१५ मार्च

डिअर अलकाआजी,

मी उर्वी आहे. आई म्हणाला की तू पण लिही, मराठीमध्ये. माझा स्पेलिंग चेक बाबाने केला आहे पण तो म्हणाला बाकी तसाच ठेव.

आम्ही खूप खूप घरी गेलो. आई बेल वाजवतो आणि मग मागे जातो आणि मला पुढे करतो. एक माणूस म्हणाला की त्याने नो लिहिला कारण फॉर्म लांब होता, म्हणून त्याने सगळीकडे नो लिहिला. एक बाई म्हणाली की तिला माहीतच नव्हता की आमची शाळा वेगळी आहे, तिला वाटला सगळ्या शाळा अशाच असतात. एक कुत्रा होती. ती चावली नाही. तीन घरी बिस्किट मिळाला. आई पहिल्या हाकेला हो म्हणाला.

एका अंकलने दार बंद केला. आई म्हणाला त्यांना खरंच नको आहे, आपण थँक यू म्हणून जाऊ.

उद्या लिंडाच्या घरी जाणार. मला भीती वाटतो पण आईला जास्त.

लव्ह,
उर्वी


मेडनहेड
२३ मार्च

तीर्थरूप काकू,

नमस्कार. उर्वीचं पत्र पोचलं असेल. तिच्या मराठीत मी पुरुष झाले आहे आणि कुत्रा बाई, पण मजकूर सगळा खरा आहे.

लिंडाकडे जाऊन आले. तिने दार उघडलं आणि मला बघून तिचा चेहरा पडला. तरी ‘टी?’ म्हणाली. मी इतक्या घाईने ‘येस’ म्हटलं की ती दचकली.

मी तुमच्या पद्धतीने सरळच विचारलं, तुम्हाला हे वेळापत्रक का नको? ती म्हणाली, ‘इट्स जस्ट नॉट प्रॅक्टिकल.’ मी कप खाली ठेवला आणि गप्प बसले. वाढणारा पुढे सरकला नाही की पानावरचा माणूस कसा चुळबुळतो, तशी ती चुळबुळली. मी पुन्हा विचारलं, ‘बट व्हाय, लिंडा? तुमच्यासाठी काय अडतं?’ उर्वी मध्येच म्हणाली, ‘यू कॅन टेल अस, वी आर नॉट इन अ हरी.’ हे तिला मी शिकवलं नव्हतं, शप्पथ.

मग लिंडाने फ्रिजवरचे फोटो दाखवले. काकू, तिची एक मुलगी इथे राहते, त्या मुलीची जुळी पोरं आपल्याच शाळेत आहेत. दुसरी मुलगी स्कॉटलंडमध्ये, अ‍ॅबर्डीनला. तिलाही दोन. स्कॉटलंडच्या शाळांना सुटी जूनच्या अखेरीस लागते आणि ऑगस्टच्या मध्यावर संपते. आपली सुटी ऑगस्ट उजाडता उजाडता सुरू होते. म्हणजे चारही नातवंडं एकत्र मिळतात ती जेमतेम दोन आठवडे, त्यात एक आठवडा प्रवासात आणि पॅकिंगमध्ये जातो. तिचा नवरा गेल्यापासून तिला वर्षातून एवढी एकच गोष्ट हवी असते. इतर शाळांचं वेळापत्रक आलं तर सुटी जुलैमध्येच लागेल, नातवंडं जास्त दिवस एकत्र राहतील. बस्स, एवढंच. ती म्हणाली, ‘आय नो हाऊ सेल्फिश दॅट साउंड्स.’ मी म्हटलं, ‘मग माझं ऐका,’ आणि बाबांचं सगळं सांगितलं. आकाशकंदिलाचंही. आम्ही दोघी रडलो. उर्वीने तेवढ्यात बिस्किटांचा डबा संपवला.

आणि मग मला एकदम सुचलं. मी म्हटलं, लिंडा, वेळापत्रक कशाला मोडायचं? सरकवू या ना! उन्हाळ्याची सुटी जुलैच्या मध्यावर सुरू करायची आणि त्याची भरपाई म्हणून पुढचं सत्र आठऐवजी दहा आठवड्यांचं. ऑक्टोबरचे दोन आठवडे होते तिथेच राहतात. ती म्हणाली, ‘कॅन वी डू दॅट?’ मी म्हटलं, तीस वर्षांपूर्वी चार पोळ्या खाल्लेल्या माणसाने केलं, तर आपण का नाही? मग तो इतिहास तिला सांगावाच लागला, सोफ्यासकट.

उर्वी म्हणते दहा आठवडे शाळा म्हणजे अन्याय आहे. तिचं मत मी नोंदवून घेतलं आहे.

तुमची,
स्वाती


लेस्टर
१ एप्रिल

चि. सौ. स्वाती,

अनेक आशीर्वाद. मी लिंडाला मतलबी म्हटलं ते शब्द परत घेते. तिला माझ्यातर्फे घावन खाऊ घाल.

तुझं पत्र मी काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते ऐकून म्हणाले, ‘पोरगी एवढं सगळं करते बापाला भेटायला. बाप का येत नाही?’ मी म्हटलं, काहीतरी असेल. पण रात्रभर ते डोक्यात राहिलं. तू वडिलांबद्दल इतकं लिहिलंस, पण ते कधी मेडनहेडला आले असं एकदाही लिहिलं नाहीस. तब्येत बरी नसते का? विमानाची भीती? की तुम्ही कधी बोलावलंच नाहीत?

रागावू नकोस. म्हाताऱ्या बाईला उचापती करायची सवय असते.

तुझी,
अलकाकाकू


मेडनहेड
१८ मे

तीर्थरूप काकू,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, कारण सभा होईपर्यंत मला दुसरं काही सुचत नव्हतं. गुरुवारी झाली. वेळापत्रक राहिलं! लिंडाने स्वतःच सरकवायची सूचना मांडली, मी अनुमोदन दिलं, आणि दोन जण सोडून सगळ्यांचे हात वर. ट्रस्टचा माणूस पालकांच्या ‘नो’चा कागद पुढे करायला लागला, तर लिंडा म्हणाली, ‘आम्ही त्यांना पुन्हा विचारलं आहे.’ आणि घरोघर विचारून केलेली आमची नवी यादी त्याच्यासमोर ठेवली; तीत ‘येस’ जास्त होते. सभा संपल्यावर जुने चेअर मला म्हणाले, ‘यू शुड रिअली स्टँड नेक्स्ट टाइम.’ मी ताबडतोब ‘येस’ म्हटलं.

इतिहासाच्या पानाखाली मी माझं एक वाक्य जोडलं आणि ते कुणी काढू शकलं नाही: ही शाळा टिकली, कारण कुणाला कधी घरी असायला हवं होतं, हे इथे विचारलं गेलं.

आता तुमचा प्रश्न. बाबांची तब्येत छान आहे. रोज अंबाझरीला फिरायला जातात. विमानाची भीती नाही. मी इथे आल्यावर लगेचच्या वर्षी त्यांना आणि आईला बोलावलं होतं. नको म्हणाले. बाबांना नसेल आवडत परदेश, असं मी धरून चालले. इथे घरोघर जाऊन परक्या माणसांना दुसऱ्यांदा विचारलं, आणि स्वतःच्या वडिलांना एकदाच, हे तुमचं पत्र वाचेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मला माझाच राग आला.

म्हणून परवा फोन केला. म्हटलं, बाबा, या ऑक्टोबरला तुम्हीच या ना इकडे, आम्हाला दोन आठवडे सुटी आहे. म्हणाले, ‘नको गं. तुमच्या धावपळीत माझं लोढणं कशाला?’ तेव्हा काकू, तुमचा नियम नागपूरला लागू पडत नाही. मी येत्या ऑक्टोबरची तिकिटं बघते आहे, नेहमीप्रमाणे.

तुमची,
स्वाती


लेस्टर
२२ मे

स्वाती,

लोढणं?! अगं वेडे, ‘धावपळीत लोढणं कशाला’ ही काय नकार द्यायची भाषा आहे? तिकिटं काढू नकोस. तिसऱ्यांदा विचार आणि फोन ठेवू नकोस. वडिलांचा पत्ता मी परीक्षितकडून घेतला आहे.

अलकाकाकू


नागपूर
१० जून २०२५

सौ. अलकाताईंस,

जयंतचा सप्रेम नमस्कार. आपली ओळख नाही, तरी पहिल्याच पत्रात आपण मला तीन पानं झापलंत, त्यावरून आपण घरच्याच आहात हे समजलं. मीनल, म्हणजे स्वातीची आई, असती तर तिनेही असंच झापलं असतं.

आपण विचारता, मी ‘नको’ का म्हणतो. ताई, पहिल्याच शब्दाला ‘आलो’ कसं म्हणायचं? आमचे सासरे जेवायला तीनदा ‘नको’ म्हणत आणि चौथ्यांदा पाटावर बसत. मी त्याच घरचा जावई. स्वाती तिकडे गेल्यानंतरच्या वर्षी तिने आम्हा दोघांना बोलावलं. मी म्हटलं, ‘नको गं, तुमचं नवीन बस्तान.’ ती म्हणाली, ‘ओके बाबा,’ आणि दुसरंच बोलू लागली. फोन झाल्यावर मीनलने विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, विचारेल पुन्हा. पोरगी कामात असते, आपण होऊन विषय काढणं बरं दिसत नाही. दर वर्षी वाटायचं, यंदा विचारेल. ती स्वतःच यायची, मग आम्ही त्यातच खूश व्हायचो. तिला आमची आठवण नव्हती असं नाही, ताई. तिला आमचं ‘नको’ खरं वाटलं. आम्हीच तिला खरं बोलायला शिकवलं होतं, तेव्हा दोष तरी कुणाला द्यायचा?

मागच्या आठवड्यात रविवारी तिचा पुन्हा फोन आला. मी ‘नको’ म्हटलं तर म्हणते, ‘का नको ते सांगा, बाबा. मी थांबते.’ आणि खरंच थांबली. मी बाहेरच्या खोलीतला पंखा बघितला, भिंत बघितली. शेवटी म्हटलं, ‘बघू.’ तर ती रडायलाच लागली आणि मागून उर्वी ओरडली, ‘आजोबा येणार!’ तिला मराठी धड येत नाही म्हणतात, पण ‘बघू’ म्हणजे काय हे तिला बरोबर कळलं.

ऑक्टोबरात येतो. आकाशकंदिलाचा सांगाडा बॅगेत बसतो का ते मोजून बघितलं, बसत नाही. तिकडे काड्या मिळतात असं उर्वी म्हणते.

एक विनंती आहे. स्वाती रोज विचारते, ‘बाबा, पासपोर्टला अर्ज केला का? वेळ लागतो हो.’ मी ‘करतो’ म्हणतो. ताई, तिने पहिल्यांदा बोलावलं त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी पासपोर्टचे अर्ज दिले होते. म्हटलं, दुसऱ्यांदा विचारलं की उगाच खोळंबा नको. मीनलचा कोराच राहिला. माझ्याची मुदत संपली, मी मुकाट्याने दुसरा काढून आणला. आता दोन-तीन आठवडे थांबून स्वातीला ‘आला’ म्हणून कळवीन. तिने आपल्याला विचारलं तर आपणही तसंच सांगावं.

आपला,
जयंत